फेडा गावची सिस्टर



दवाखान्यात गेल्यावर आपण सगळ्याच जणी हाक मारतो, "सिस्टर, जरा इकडे बघता का?" ती बाई आपल्या नात्यातली नसते, गावातली नसते. बऱ्याचदा तिचं नावही आपल्याला ठाऊक नसतं. तरी आपण तिला बहीण म्हणतो. आजच्या भागात आपण या एका शब्दाच्या मागे जायचं आहे. तो आपल्याला नेणार आहे जर्मनीतल्या एका छोट्या गावात, तिथून नॉर्वेत आणि मग अमेरिकेत. वाटेत आपली आनंदीबाई जोशीही भेटणार आहे.

आधी एक जुनी गोष्ट. सोळाव्या शतकात जर्मनीत मार्टिन ल्यूथर नावाचा धर्मसुधारक होऊन गेला. त्याला मानणारा ख्रिस्ती पंथ तो ल्यूथरपंथ. धर्मग्रंथ फक्त पाद्र्यानं वाचायचा आणि बाकीच्यांनी ऐकायचा, हे ल्यूथरला पटत नव्हतं. प्रत्येकानं तो आपल्या भाषेत वाचावा, असं त्याचं म्हणणं होतं. आता प्रत्येकानं वाचायचं, तर प्रत्येकाला शाळा हवी. म्हणून १५२४ साली त्यानं जर्मनीतल्या शहरांच्या कारभाऱ्यांना उद्देशून लिहिलं, की शाळा काढा, आणि त्या मुलांसाठी काढा तशा मुलींसाठीही काढा. मुलीनं दिवसातून एक तास जरी शाळेत घालवला, तरी घरचं काम सांभाळून ती शिकू शकेल, असा त्याचा हिशोब होता. एक तास! आज आपल्याला हे फार थोडं वाटेल. पण पाचशे वर्षांपूर्वीच्या मुलीला तो एक तासही कोण देत होतं?

नॉर्वे हा ल्यूथरपंथी देश. त्या काळी त्याच्यावर डेन्मार्कच्या राजाचं राज्य होतं. तिथे १७३६ साली कायदा झाला, की प्रत्येक मुलामुलीनं धर्माची शिकवण घेऊन चर्चमध्ये सगळ्यांसमोर तिची परीक्षा द्यायची. ही परीक्षा दिल्याशिवाय मूल मोठ्या माणसांत धरलं जात नसे, त्याचं लग्नही होत नसे. वाचता आलं नाही तर परीक्षा कशी द्यायची? म्हणून १७३९ साली गावोगावी शाळांचा हुकूम निघाला. सगळीकडे शाळा लगेच उभ्या राहिल्या नाहीत. पुष्कळ ठिकाणी मास्तरच या वस्तीवरून त्या वस्तीवर फिरत शिकवत असे. पण पुढच्या शंभर वर्षांत नॉर्वेतल्या गरीब घरातली पोरगीसुद्धा वाचायला शिकली. हेतू धर्माचा होता, पण हातात आलेली अक्षरं मुलीचीच झाली. त्या अक्षरांनी ती पुढे पत्र वाचू शकली, औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी वाचू शकली आणि हिशोब लिहू शकली.

अशाच एका मुलीची ही गोष्ट. तिचं नाव एलिझाबेथ फेडे. नॉर्वेच्या दक्षिण किनाऱ्यावर फेडा नावाचं लहानसं गाव आहे, तिथे २५ डिसेंबर १८५० रोजी तिचा जन्म झाला. सावित्रीबाई आणि जोतीराव फुले यांनी पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली १८४८ साली. म्हणजे आपल्याकडे मुलींच्या शाळेवर शेणमाती फेकली जात होती, त्याच सुमाराला ही मुलगी जन्मली.

आता एलिझाबेथ परिचारिका झाली कशी, हे समजायला आपल्याला थोडं मागे जर्मनीत जावं लागेल. ऱ्हाइन नदीच्या काठी कायझर्सवर्थ नावाचं गाव. तिथे थिओडोर फ्लीडनर नावाचा तरुण प्रॉटेस्टंट पाद्री १८२२ साली आला. तो आला आणि लगोलग गावातला मखमलीचा कारखाना बुडाला. लोकांची रोजी गेली आणि चर्चला पैसा देणारं कोणी उरलं नाही. फ्लीडनर वर्गणी मागत हॉलंड आणि इंग्लंड फिरला. तिथे त्यानं तुरुंग पाहिले, अनाथाश्रम पाहिले, आणि बायका तिथे किती काम करतात तेही पाहिलं. परत येताना तो पैशाबरोबर हा विचारही घेऊन आला.

१८३३ साली तुरुंगातून सुटलेल्या एका बाईला राहायला जागा मिळेना. फ्लीडनर आणि त्याची बायको फ्रीडरीके यांनी तिला आपल्या बागेतल्या छोट्याशा खोपटात ठेवून घेतलं. कामाची सुरुवात ही अशी झाली. १८३६ साली त्यांनी तिथेच एक इस्पितळ आणि बायकांना रुग्णसेवा शिकवणारी संस्था काढली. पहिली शिकाऊ बाई होती गेरट्रूड राइशार्ट. ती डॉक्टरची मुलगी होती आणि तिचं वय होतं ४८. "आता या वयात काय शिकायचं," असं आपल्या गटात कोणी म्हणालं, तर तिला या बाईचं नाव नक्की सांगा.

इथे शिकणाऱ्या बायकांना डीकनेस म्हणत. हा चर्चमधला जुना शब्द आहे, त्याचा अर्थ सेवा करणारी. त्या एकमेकींना बहीण म्हणत आणि रुग्णही त्यांना बहीण म्हणत. कॅथलिक पंथाच्या जोगिणी, म्हणजे नन, त्याही शतकानुशतकं आजाऱ्यांची सेवा करत आल्या होत्या आणि त्यांनाही बहीणच म्हटलं जाई. जर्मन भाषेत परिचारिकेसाठी जो शब्द रूढ झाला, त्याचा सरळ अर्थ 'आजाऱ्यांची बहीण' असा आहे. इंग्रजांच्या इस्पितळांतून 'सिस्टर' आपल्याकडे आली आणि आपल्या तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत पोचली.

या शाळेत काय शिकवत? झाडलोट, धुणं, रुग्णाला आंघोळ घालणं, जखम बांधणं, पथ्याचं अन्न शिजवणं, औषधं ओळखणं आणि हिशोब ठेवणं. हातानं काम करायचं आणि डॉक्टरकडून धडेही घ्यायचे. त्या काळच्या युरोपात पैसे घेऊन आजाऱ्याजवळ बसणारी बाई म्हणजे अडाणी, दारुडी, असाच लोकांचा समज होता. चांगल्या घरातली मुलगी या कामाला पाठवायला आईबाप तयार नसत. फ्लीडनर दांपत्यानं त्यावर युक्ती काढली. त्यांनी मुलींना एक घर दिलं, त्याला मातृगृह म्हणत. तिथे एक वडीलधारी बाई प्रमुख असे. आणि पोशाख दिला तो लग्न झालेल्या प्रतिष्ठित घरच्या बाईसारखा, साधा निळा झगा आणि डोक्यावर पांढरी टोपी. कुमारिका असली तरी रस्त्यानं एकटी जाताना तिच्याकडे कोणी वाकड्या नजरेनं पाहू नये, हा त्यातला हेतू होता. अंगावरचा गणवेश बाईला बाहेरची वाट मोकळी करून देतो, हे आपल्या आशाताईंना आणि अंगणवाडी ताईंना वेगळं सांगायला नको.

या शाळेत एक इंग्रज मुलगीही आली होती. १८५० साली ती पंधरा दिवस राहून गेली आणि १८५१ साली तीन महिने राहून शिकली. तिचं नाव फ्लॉरेन्स नाइटिंगेल. तिच्या श्रीमंत घरच्यांचा या कामाला सक्त विरोध होता. पुढे नाइटिंगेलनं कायझर्सवर्थच्या अस्वच्छतेवर टीका केली, पण तिथल्या बायकांची निष्ठा तिनं कधी नाकारली नाही. १८६० साली तिनं लंडनच्या सेंट थॉमस इस्पितळात स्वतःची शाळा सुरू केली. याच नाइटिंगेलबाईंनी पुढे आपल्या पुण्याच्या सार्वजनिक सभेशी गावच्या स्वच्छतेबद्दल पत्रव्यवहार केला होता.

कायझर्सवर्थला शिकलेली आणखी एक बाई म्हणजे नॉर्वेची काथिंका गुल्डबर्ग. तिनं १८६८ साली नॉर्वेच्या राजधानीत, म्हणजे आजच्या ऑस्लो शहरात, तसंच मातृगृह उभारलं. नॉर्वेतली परिचारिकांची ही पहिली शाळा. तिथल्याच रिक्के निसेन नावाच्या शिक्षिकेनं १८७७ साली रुग्णसेवेचं पहिलं नॉर्वेजियन पाठ्यपुस्तक लिहिलं. म्हणजे पुस्तकही आपल्या भाषेत आणि लिहिणारीही बाईच.

या शाळेत एलिझाबेथ फेडे दाखल झाली तेव्हा ती तेविशीच्या आसपास होती. शिक्षण झाल्यावर तिला पाठवलं उत्तरेला, ट्रोम्सोच्या मुलखात. तिथे हिवाळ्यात कित्येक आठवडे सूर्य उगवतच नाही. बर्फ, अंधार, लांब लांब विखुरलेली कोळ्यांची घरं आणि डॉक्टर कुठेतरी दूर. अशा ठिकाणी काम करताना विचारायला कोणी नसतं. स्वतः ठरवावं लागतं. शाळेत शिकलेलं खरं उपयोगी पडतं ते अशाच जागी.

मग १८८२ चा नाताळ आला. नाताळच्या दिवशीच एलिझाबेथचा वाढदिवस. ती बत्तीस वर्षांची झाली आणि त्याच वेळी अमेरिकेहून तिच्या नातेवाइकाचं पत्र आलं. न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकलिनमध्ये नॉर्वेजियन लोक फार हालात आहेत, इथे कोणी बघणारं नाही, तू ये, असा त्यातला मजकूर होता. त्या काळी नॉर्वे गरीब देश होता. पोटासाठी हजारो माणसं बोटीनं अमेरिकेला जात. जहाजावरचे खलाशी, गोदीतले मजूर, घरकाम करणाऱ्या मुली, बाळंतीण बायका, सगळे अनोळखी शहरात जाऊन पडले होते. भाषा येत नाही. आजारी पडलं तर कुठं जायचं ते माहीत नाही. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर परमुलखात गेलेल्या आपल्या माणसांचे हाल आठवले, की हे चित्र लगेच डोळ्यापुढे येईल.

एप्रिल १८८३ मध्ये एलिझाबेथ न्यूयॉर्कला उतरली. आणि दोनच महिन्यांनी, जून १८८३ मध्ये, त्याच न्यूयॉर्कच्या धक्क्यावर उतरली आपली अठरा वर्षांची आनंदीबाई जोशी, डॉक्टर व्हायला. या दोघी एकमेकींना भेटल्याची नोंद नाही. पण एक नॉर्वेची, एक महाराष्ट्राची, दोघीही एकट्या समुद्र ओलांडून आल्या, आणि दोघींच्याही मनात आजारी बायामाणसंच होती. आनंदीबाई १८८६ साली फिलाडेल्फियाच्या कॉलेजातून डॉक्टर झाली, पण मायदेशी परतल्यावर फेब्रुवारी १८८७ मध्ये क्षयानं गेली. तिच्या हातून घडायचं काम राहूनच गेलं. एलिझाबेथला आयुष्य मिळालं, आणि तिनं त्याचं काय केलं ते आता ऐका.

पोचल्यावर दहा-बारा दिवसांतच तिनं आपल्या लोकांना एकत्र करून मदत मंडळ उभं केलं. नॉर्वेजियन खलाशांच्या चर्चजवळ लहान खोल्या घेतल्या आणि तिथून ती रोज पायी निघायची. या घरी ताप, त्या घरी बाळंतपण, तिसऱ्या घरी नवरा गोदीत पडून अधू झालेला. कोणाला इस्पितळात न्यायचं, कोणाच्या घरी स्वयंपाक करायचा, कोणासाठी कोळसा मागून आणायचा. हे सगळं ती रोजनिशीत लिहून ठेवायची. तिच्या १८८३ ते १८८८ या वर्षांच्या रोजनिशीचं पुढे इंग्रजीत भाषांतर झालं. म्हणूनच आज सव्वाशेहून जास्त वर्षांनंतर आपल्याला तिचं काम कळतं. ज्या बायकांनी तेवढंच काम केलं पण लिहिलं नाही, त्यांची नावंही उरली नाहीत.

फिरून फिरून तिच्या ध्यानात आलं, की घरोघर जाणं पुरेसं नाही. उपचाराला जागा हवी, आणि आपण एकट्या पुरणार नाही, तेव्हा मुली शिकवायला हव्यात. १८८५ साली तिनं नऊ खाटांचं छोटं इस्पितळ आणि मातृगृह सुरू केलं. मातृगृह म्हणजे शाळाच. ज्या शाळेत ती शिकली, तशीच शाळा तिनं परमुलखात नेऊन लावली. १८८८ साली तिला मिनियापोलिस शहरातून बोलावणं आलं. तिथेही नॉर्वेहून आलेले शेतकरी पुष्कळ होते. तिनं तिथलंही काम मार्गी लावलं आणि पुन्हा ब्रुकलिनला परतली. त्या नऊ खाटांच्या इस्पितळाचं पुढे ल्यूथरन मेडिकल सेंटर नावाचं मोठं रुग्णालय झालं. आज ते न्यूयॉर्कच्या एका विद्यापीठाच्या रुग्णालयांपैकी एक आहे.

१८९५ साली, पंचेचाळिशीला टेकलेली असताना, एलिझाबेथ नॉर्वेला परतली आणि तिनं लग्न केलं. डीकनेसनं जन्मभराची शपथ घेतलेली नसे, त्यामुळे लग्न करायचं तर तिला मोकळं होता येई. १९२१ साली ती वारली.

आता आपल्याकडे येऊ. ज्या १८८३ साली एलिझाबेथ आणि आनंदीबाई न्यूयॉर्कला पोचल्या, त्याच वर्षी ॲना कुगलर नावाची अमेरिकन ल्यूथरपंथी डॉक्टर आंध्रातल्या गुंटूरला आली. तिच्या मिशननं तिला डॉक्टर म्हणून नेमलंच नव्हतं, पाठवलं होतं ते घरोघर जाऊन बायकांना शिकवायला. तिनं सोबत औषधंही आणली होती. दोन वर्षांनी मिशनला तिला डॉक्टर म्हणून मान्यता द्यावी लागली, आणि १८९८ साली तिचं इस्पितळ उभं राहिलं. या मिशनऱ्यांचा हेतू धर्मप्रसाराचाही होता, हे विसरायचं कारण नाही. पण पुरुष डॉक्टरला हात लावू न देणाऱ्या घरांतल्या बायकांचा जीव तिथे वाचला, हेही तितकंच खरं.

महाराष्ट्रात मुंबईला १८८६ साली कामा इस्पितळ सुरू झालं. मिरजेला डॉ. वानलेस यांच्या मिशन इस्पितळात १८९७ साली परिचारिकांची शाळा निघाली. आणि पुण्यात १९०९ साली रमाबाई रानडे यांनी सेवासदन सुरू केलं. कोवळ्या वयात विधवा झालेल्या, घरच्या कोपऱ्यात बसवलेल्या बायकांना सेवासदननं शिकवलं आणि नर्सिंगच्या शिक्षणाला पाठवलं. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा, विटाळ मानायचा नाही, कोणत्याही जातीच्या रुग्णाची घाण काढायची, हे त्या काळी केवढं धाडस होतं! युरोपातल्या आईबापांना जी भीती वाटत होती, तीच इथेही होती, आणि तिच्या जोडीला जातीची भिंत होती. तोडगाही तसाच निघाला. राहायला सुरक्षित घर, डोक्यावर वडीलधारी बाई, हातात शिक्षण आणि अंगावर गणवेश.

या इतिहासातून आम्हांला चार गोष्टी घ्याव्याशा वाटतात.

पहिली, अक्षर आधी, सेवा नंतर. एलिझाबेथ वाचायला शिकली नसती, तर ते पत्र तिला दुसऱ्याकडून वाचून घ्यावं लागलं असतं. पुढचा प्रवास तर सोडाच. मुलगी दहावीला शाळेतून काढली, की तिची पुढची सगळी दारं त्याच दिवशी लागतात.

दुसरी, हाताचं काम हलकं नाही. ज्या शाळेत झाडू आणि पुस्तक एकाच दिवशी हातात दिलं जाई, तिथून निघालेल्या बायकांनी इस्पितळं उभी केली.

तिसरी, लिहून ठेवा. आपल्या गटाचं इतिवृत्त कंटाळा करून चार ओळींत उरकू नका. गावात कोणाला मदत केली, कशी केली, काय अडलं, हे लिहा. उद्याचा इतिहास त्यातूनच उभा राहणार आहे.

चौथी गोष्ट मात्र जरा वेगळी आहे. मातृगृहातल्या या बायकांना पगार नव्हता. राहणं, खाणं, कपडा, थोडा हातखर्च आणि म्हातारपणी सांभाळण्याची हमी, एवढंच. त्या काळी एकट्या बाईला हीसुद्धा मोठी गोष्ट होती, कारण तेवढंही दुसरीकडे कुठे मिळत नव्हतं. पण पुढे परिचारिकेचं काम पगारी झालं, मुलींना इतर नोकऱ्या मिळू लागल्या, आणि विसाव्या शतकात मातृगृहांकडे येणाऱ्या मुली कमी कमी होत गेल्या. ज्यांनी हे काम प्रतिष्ठेचं केलं, त्यांच्या संस्था मागे पडल्या. मुलींमधली माया आटली म्हणून असं झालं, असं आम्हांला वाटत नाही. ज्या कामाला शिक्षण लागतं आणि रात्रंदिवस कष्ट लागतात, त्याचा मोबदला मुलींनी मागितला, एवढंच. आपल्याकडे २००५ पासून आशाताई गावोगावी काम करतात. त्यांना 'स्वयंसेविका' म्हटलं जातं आणि पगाराऐवजी मानधन आणि कामानुसार मोबदला मिळतो. म्हणून त्यांना मोर्चे काढावे लागतात. सेवा हा शब्द मोठा आहे, पण त्या शब्दाआड बाईची मजुरी लपू देऊ नये. बहीण म्हणायचं आणि तिचा हिशोबही चोख करायचा, हे दोन्ही जमलं पाहिजे.

शेवटी कामाचं सांगतो. तुमच्या गावातल्या एखाद्या मुलीला परिचारिका व्हायचं असेल, तर तीन मुख्य वाटा आहेत. बारावीनंतर एएनएमचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, जीएनएमचा तीन वर्षांचा आणि बीएस्सी नर्सिंगचा चार वर्षांचा. बीएस्सीला बारावीत विज्ञान शाखा, त्यातही जीवशास्त्र लागतं, म्हणून दहावीनंतर शाखा निवडतानाच विचार करा. प्रवेश घेण्याआधी त्या कॉलेजला नर्सिंग कौन्सिलची मान्यता आहे की नाही, ते नक्की तपासा. मान्यता नसलेल्या संस्थेत पैसे भरले, तर पुढे नोंदणी होत नाही आणि वर्षंही वाया जातात. प्रवेश परीक्षा, शिष्यवृत्ती आणि मुलींचं वसतिगृह यांची चौकशी आधीच करा.

पुढच्या बैठकीत दोन गोष्टींवर बोला. आपल्या गावात पहिली परिचारिका किंवा शिकलेली सुईण कोण होती? तिनं कुठे शिकून काम केलं, आणि तिला त्याचे पैसे काय मिळाले? ती हयात असेल तर तिला बैठकीला बोलावा, नसेल तर तिच्या घरच्यांना विचारा. गटातली जी ताई लिहू शकते, तिनं ते वहीत उतरवून घ्यावं. आणि जमलं तर आम्हांला पाठवावं. आपण ते सगळ्यांना ऐकवू.